कोयता टाकायला नेपाळला

मी आयुष्यभर लोकांना देवाला नेलं. काशी, अयोध्या, पशुपतिनाथ, कुठं कुठं. पण गाभाऱ्यापर्यंत पोचलो असेन फार तर दोन-चार वेळा. सगळे दर्शनाला गेले की गाडीपाशी कुणीतरी थांबावं लागतं, आणि तो कुणीतरी म्हणजे डायव्हर. त्यामुळे देवांची माझी ओळख बाहेरूनच. कुणाच्या दारात पार्किंगला सावली आहे, कुणाच्या दारात पोलीस शिट्टी मारून हाकलतो, कुणाकडे अंघोळीच्या पाण्याची सोय बरी, हे विचाराल तर झोपेतून उठूनही सांगेन.

माझं गाव तलवाडा, तालुका गेवराई. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. मी स्टिअरिंग धरलं तेव्हा बापानं कितीतरी दिवस अबोला धरला होता. नंतर म्हणाला, "मेंढरं सोडून आता मान्सं वळाया निगाला. वळ. मेंढरं तरी आयकत्यात." त्याचं म्हणणं किती खरं आहे ते पहिल्याच ट्रिपला कळलं. बाप कळप मोजायचा नाही. नुसती नजर फिरवायचा आणि कोणतं जनावर मागं राहिलं ते सांगायचा. मीही बशीत प्रवासी कधी मोजले नाहीत. गाडी सुरू करण्याआधी आरशातून एकदा सगळ्यांकडे पाहायचं. कोण नाही ते आपोआप दिसतं. बहुतेक वेळा तो माणूस चहाच्या टपरीवर असतो.

आमच्या यात्रेच्या गाडीबद्दल शहरातल्या वाचकाला दोन शब्द सांगायला हवेत. उन्हाळा लागला, साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपून तोडीची माणसं गावाकडे परतली, की गावोगावी यात्रेच्या बशी भरतात. गाडीत माणसांबरोबर अख्खं स्वयंपाकघर असतं. शेगडी, सिलेंडर, परातीएवढ्या झाकणांची पातेली, बाजरीच्या पिठाची पोती आणि एक आचारी. आमचा आचारी नामदेव. तो पहाटे चूल पेटवताना जेवढ्या शिव्या द्यायचा तेवढ्या मी वाहतुकीतही देत नसे, पण त्याच्या हातची आमटी खाल्ली की माणूस सगळं माफ करी.

लोक मला हमखास विचारतात, परदेशात गाडी चालवायला भीती नाही का वाटली? मी म्हणतो, हंगामात तुम्ही माजलगावच्या रस्त्यावर गाडी चालवून बघा. समोर उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आलेला, आणि ट्रॅक्टरवाल्यानं गाणी एवढी मोठ्यानं लावलेली की तुमचा हॉर्न त्याला पुढच्या जन्मी ऐकू येणार. त्या रस्त्यावर जो तरला त्याला नेपाळ काय करणार?

नेपाळात गाडी डाव्याच बाजूनं चालते, आपल्यासारखी. सीमेवर गाडीसाठी 'भन्सार' भरावा लागतो, म्हणजे तिथली जकात. जेवढे दिवस गाडी आत, तेवढ्या दिवसांचा. सगळ्यात मजा नंबरप्लेटची. तिथं कितीतरी गाड्यांचे नंबर देवनागरीत असतात. आमच्या बाया खिडकीतून मोठ्यानं वाचत जायच्या. एका आजीनं मला जाबच विचारला, "कावून रं डायवर, परमुलखातल्या गाड्यायचा लंबर मराठीत, आन् आपल्या गाडीचा इंग्रजीत?" मी एमएच तेवीस लिहिलेली पाटी फडक्यानं पुसायला घेतली.

गाड्या मात्र तिकडे सोन्याच्या भावात. जी बारकी मोटार आपल्याकडे नवखा मास्तर पहिली गाडी म्हणून घेतो, तिच्यावर तिकडे एवढा कर की घेणारा ती जन्मभर पुरवतो. काठमांडूत एक टॅक्सीवाला आपली जुनी गाडी मऊ फडक्यानं पुसत होता. आमच्याकडे तसल्या गाडीच्या टपावर माणसं बसवतात. आता अलीकडे तिथं विजेच्या गाड्याही फार झाल्यात. घाटात मागून एखादी आवाज न करता शेजारी येते आणि आपण दचकतो. त्यात भर म्हणजे काठमांडूत हॉर्न वाजवायला बंदी. बीड जिल्ह्यातल्या डायव्हरला हॉर्न बंद करायला सांगणं म्हणजे त्याचं तोंड बांधण्यासारखं आहे. मी हॉर्नच्या बटणावर रुमाल बांधून ठेवला, तरी हात दिवसभर त्या रुमालावर जाऊन पडत होता.

सुरक्षेचंही तसंच. आपल्याकडे गाडी लावली की पहिली काळजी डिझेलची, दुसरी स्टेपनीची. उजेडातला पेट्रोलपंप बघायचा, टाकीला कुलूप घालायचं, टायरपाशी कुणीतरी झोपायचं. नेपाळात माझ्या डिझेलला कुणी कधी हात लावला नाही. तिथं वरून दरड यायची भीती आणि खालून नदीची. वळणावर गाडी उभी करून खाली लघवीला गेलात तर लोक आधी वर बघायला सांगतात. पोलीस आपल्याकडे कागद विचारतो. तिकडे डायव्हर दारू प्यालाय का हे आधी पाहतात. मी माळकरी. पण एकदा नामदेवाच्या कोशिंबिरीतला कच्चा कांदा खाऊन बसलो होतो. तपासायला तोंडाजवळ आलेला पोलीस असा मागे सरला की माझी तपासणी तिथंच संपली.

आता ज्या ट्रिपसाठी हे सगळं लिहायला बसलो ती सांगतो.

शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावची बस होती. त्यात गयाबाई नावाची एक बाई. साठीच्या पुढची, काटक, गुडघे गेलेले. सगळं आयुष्य ऊसतोडीत गेलेलं. नवरा वारल्यावर ती मुलाबरोबर, बाळूबरोबर, जोडीनं तोडायला जायची. ऊसतोडीत मुकादम एकट्या माणसाला सहसा घेत नाही, जोडी लागते. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळी बांधायची, दोघांनी वाहायची. त्या वर्षी बाळूचं लग्न झालं होतं, आणि गयाबाईनं आता आपल्याच्यानं होत नाही म्हणून सांगून टाकलं होतं.

बाई स्वभावानं गप्प, पण तिला एक वेड होतं. वाटेत नदी लागली की ती माझ्या सीटमागं येऊन विचारायची, "डायवर, हिला उन्हाळ्यात पानी आसतंय का?" गोदावरीला विचारलं, नर्मदेला विचारलं. मला वाटलं म्हातारीला भूगोलाची आवड दिसते. काशीला सगळे गंगेत बुडी मारत होते तेव्हा ही घाटाच्या पायरीवर बसून पोरांकडे बघत होती. ती पोरं दोरीला चुंबक बांधून पाण्यात टाकतात आणि लोकांनी वाहिलेली नाणी वर ओढतात. "लोखंड बी येतंय का रं त्याला?" तिनं मला विचारलं. येतं म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. मला काहीच उमगलं नाही.

उमगलं ते सोनौलीला, सीमेवर.

आपल्या बाजूच्या जवानांनी गाडी तपासायला घेतली. सुरुवातीला सगळं नेहमीसारखं होतं. विळी निघाली, सुऱ्या निघाल्या. रसोई आहे साहेब, म्हटल्यावर बाजूला ठेवल्या. मग एका तरण्या जवानानं पिठाच्या पोत्यात काठी खुपसली आणि काठी कशाला तरी लागून टण्ण वाजली. पोतं मोकळं केलं. आतून जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, पिठानं पांढराफटक झालेला कोयता निघाला. तुमच्या डोळ्यांपुढे यावा म्हणून सांगतो, ऊसतोडीचा कोयता म्हणजे हातभर लांब, पुढं वाकलेलं पातं. उसाच्या बुडख्यात एका घावात शिरणारा. भाजी चिरायचं हत्यार तो कोणत्याही अंगानं दिसत नाही.

"ये किसका है?" जवानानं विचारलं.

यात्रेकरूंची गाडी, त्यात लपवलेलं हत्यार, तेही देशाच्या सीमेवर. गाडी अडकली तर सगळ्यांची यात्रा इथंच संपणार, आणि जबाब मला द्यावा लागणार. नामदेव माझ्या कानात म्हणाला, "नारळ फोडाया ठिवलाय म्हन बे!" मी तोंड उघडणार तेवढ्यात गयाबाई गुडघे धरत खाली उतरली.

"माजा हाय," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलायचं देवाच्या वाटंवर?"

मोठा साहेब आला. बाई, हा कशाला आणलात, म्हणाला. गयाबाईनं सांगितलं, "टाकायला." मी हिंदी करून सांगितलं. साहेबाला वाटलं डायव्हरला हिंदी येत नाही. त्यानं पुन्हा विचारलं, एवढ्या लांब फेकायला? तुमच्या गावात नदी नाही?

मग गयाबाई बोलायला लागली आणि मी मध्ये उभा राहून तिकडचं इकडे करत होतो. "हाय की सिंदफना. पर उन्हाळ्यात तिचा तळ दिसतोय. कुनीबी उचलंल आन् मावशी तुमचा कोयता घावला म्हून घरी आनून दील. आमच्या गावात समद्याला ठाव हाय कोन्चा कोयता कुनाचा. हिरीत टाकावं तर गाळ काडत्यात. काशीत टाकनार हुते, तितं पोरं चुंबक लावून बसल्यात. माज्या घरात ह्यो ऱ्हायला तर माजी सून उचलील सायेब. तिला उसाच्या फडात जाऊ द्यायची न्हाई मला."

साहेबानं कोयत्याकडे पाहिलं, गयाबाईच्या हातांकडे पाहिलं. मग तो हसला, पण दात न दाखवता, आणि जवानाला म्हणाला, रसोईच्या सामानात बांधून दे. मला मात्र बजावलं, "उधर वाले रोकें तो मैं कुछ नहीं कर सकता."

उधरवाले चार पावलांवरच होते. तिथल्या पोलिसानं भांडी उघडली आणि कोयता बघून त्याचे डोळेच लकाकले. कमरेला खुकरी बांधणाऱ्यांचा मुलूख तो. आपल्या जवानानं ज्या कोयत्याला काठीनं स्पर्श केला होता तो यानं सरळ हातात घेतला, तोलून पाहिला, अंगठ्यानं धार चाचपली. "राम्रो छ," म्हणाला. राम्रो म्हणजे छान. दुसऱ्या पोलिसाला हाक मारून दाखवला. हवेत दोन वार करून पाहिले. मग गयाबाईला हिंदीत म्हणाला, आमा, फेकणारच आहेस तर मला दे की.

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सुटलो! कोयता इथंच राहील, गाडी पुढं जाईल. पण गयाबाईनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"लगीन झालंय का?"

झालं होतं.

"मग न्हाई देनार. तू न्हिऊन बायकूच्या हातात देशील, गवत काप म्हनशील."

मी हे हिंदीत सांगितल्यावर त्याचा सोबती एवढा हसला की त्याला भिंत धरावी लागली. त्या पोलिसानंही मान खाली घालून कबूल केलं की घरी म्हैस आहे आणि गवत बायकोच कापते. कोयता परत मिळाला. मी इतकी वर्षं दोन्ही बाजूंचे शिपाई पाहिले, पण हसताना ते अगदी सारखे दिसतात हे तिथं पाहिलं.

सीमा ओलांडून तासाभरात खिडकीबाहेर काय दिसावं? ऊस! रस्त्याच्या दोन्ही अंगांना ऊस. गयाबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "आरं देवा, ह्यो हितं बी आलाय व्हय!" सगळी गाडी हसली. तीही हसली, पण नंतर तिनं खिडकीची काच लावून घेतली. मला राहवलं नाही. मी आरशातून विचारलं, "मावशी, एक सांगा. कोयता काय, बाजारात नवा मिळतो. तुम्ही हा टाकला आणि बाळूनं दुसरा आणला तर?"

"आनंल की," ती म्हणाली. "पर आनाया जावं लागंल. घरातला उचलला तर कुनी काय इचारीत न्हाई. माज्या सासूचा कोयता मी तसाच उचललाता. कुनी मला जा म्हनलं न्हाई आन् ऱ्हा बी म्हनलं न्हाई. भितीला लटकत हुता, म्या घेतला. नवा आनायचा म्हनलं की घरात बोलनं निगंल. निगू दे. त्या बोलन्यात मी हाय."

दाउन्न्याच्या घाटात रस्ता लई खराब होता म्हणून मला गाडीकडे लक्ष देता आलं, नाहीतर डोळ्यात पाणी आलेलं लोकांना दिसलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्रिशूली लागली. काठमांडूचा रस्ता तिच्या कडेनंच जातो. हिरवट करड्या रंगाचं पाणी, दगडांवर आपटत एवढ्या जोरात धावतं की गाडीची काच लावली तरी आवाज येतो. गयाबाई सीटमागं आली. मी तिच्या प्रश्नाची वाट न बघता म्हणालो, "असतं मावशी. उन्हाळ्यात जास्तच असतं. वर बर्फ वितळतं." घाटात वळणावर गाडी थांबवायची नाही हा माझा नियम, तो मोडायची गरज पडली नाही. पुढं एक चहाचं हॉटेल होतं आणि तिथून नदीवर लोखंडी तारांचा पायी जायचा झुलता पूल होता.

अख्खी बस खाली उतरली. दर्शनाच्या रांगेत न दिसलेली शिस्त त्या दिवशी दिसली, कारण पूल हलत होता आणि पुढं जायला कुणी तयार नव्हतं. गयाबाई एका हातानं तार आणि दुसऱ्या हातानं माझी बाही धरून मधोमध आली. लुगड्याची गुंडाळी सोडली. पात्यावरचं पीठ पदरानं पुसलं. मुठीवरची चिंधी घामानं काळी झालेली होती. कोयता तिनं कपाळाला लावला, जसा दसऱ्याला पुजून लावतात तसा.

आणि टाकेना.

हात पुढं करायची, परत आणायची. मी म्हटलं, "मावशी, मी टाकू का?" तर एकदम अंगावर आली, "तू कोन? तुजा हाय का?" मग खाली पाण्याकडे बघून म्हणाली, "लई दिस खाऊ घातलंय रं ह्यानं आमाला." आणि सोडला. पाणी एवढं गाजत होतं की पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही. काठावरून नामदेव ओरडला, "पट्टा पडला!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गयाबाई रडत होती आणि हसतही होती, आणि पूल हलतोय म्हणून मला शिव्या देत होती.

पशुपतिनाथाचं दर्शन छान झालं म्हणे. मी अर्थात गाडीपाशी होतो.

परतीच्या वाटेवर सोनौलीला तोच तरणा जवान उभा होता. "अम्मा, फेंक दिया?" त्यानं विचारलं. गयाबाईनं खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून पालथे-उलथे करून दाखवले. त्यानं तरीही पिठाच्या पोत्यात काठी खुपसलीच.

यात्रा संपली की प्रवाशांचा आणि डायव्हरचा संबंध संपतो. पण पोळा होऊन गेल्यावर एका सकाळी गयाबाई तलवाड्यात माझ्या दारात उभी. बरोबर बाळू, मान खाली घातलेला. मी तोवर बस सोडून घरी बसलो होतो. ती चहासुद्धा न घेता म्हणाली, "घरात बोलनं झालं. लई दनकून झालं. हा म्हनतो जोडी बिगर मुकादम घेत न्हाई, मग खायचं काय? म्या म्हनलं, चल दावते. पुलापाशी गाडी तुमीच थांबिवली हुती, आता ह्याला तुमीच डायवर करा."

माझ्या पुतण्याचा ट्रॅक्टर होता. मोकळ्या रानात बाळूला शिकवायला घेतलं. पहिल्याच दिवशी त्यानं बांध फोडला. पुतण्या माझ्याशी बोलेना. पण पोराच्या हातात कोयत्यानं आणलेला जोर होता आणि डोक्यात आईची धास्ती, त्यामुळे लवकर शिकला. लायसन निघालं. शेवटी त्याला काम मिळालं ते उसाच्याच ट्रॅक्टरवर. याची मला खंत आहे, खोटं कशाला बोलू? ऊस काही त्या घराला सुटला नाही. मी त्याच्याकडून एवढंच कबूल करून घेतलं की ट्रॉलीमागं लाल दिवा लावीन आणि गाणी बारीक वाजवीन. दिवा लावतो. गाण्यांचं मला माहीत नाही.

त्या दिवाळीच्या आधीच कारखाने सुरू होऊन तोडीची माणसं गाव सोडून गेली होती. मी कामानं शिरूरकडे गेलो होतो, म्हटलं मावशीला भेटून जावं. गावात शिरलो तर सगळी दारं बंद. एकेका दाराला कुलूप, कुठं नुसती तार गुंडाळलेली. ओट्यावर एखादं म्हातारं माणूस आणि दोन कुत्री, बाकी गाव ओस. गयाबाईच्या घराचं दार मात्र उघडं होतं आणि आतून तळणाचा वास येत होता. सुनेनं, रेखानं, पाणी दिलं आणि मागोमाग ताटलीत करंज्या आणून ठेवल्या. काही फुटल्या होत्या, काही करपल्या होत्या, एक तर नुसतीच पुरीसारखी झाली होती. मी त्यातल्या त्यात बरी शोधून उचलली. बाहेरून काळी, आत सारण ओलं.

दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी म्हटलं, "झकास झालीय."

"उगं काय बी बोलू नगा," गयाबाई म्हणाली. "दिवाळीला आमी कायम फडात, पाचटाच्या कोपीत. घरात बसून करंजी कशी करत्यात ते मला ठाव न्हाई, हिला बी ठाव न्हाई. शेजारनीला इचारावं म्हनलं, तर इचारायला गावात बाईच न्हाई."